सेबा बेटाचा बेत

कॅरिबियन समुद्रांतील एखाद्या बेटावर सुटीस जावयाचें म्हटलें कीं, पांढऱ्या वाळूचा किनारा व माडांची सावली एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आमच्या घरांतील तरुण मंडळींनींही तसलेंच बेट मागितलें होतें. परंतु वाळूंत पडून राहण्यांत वडीलधाऱ्यांचें मन किती दिवस रमणार, असा प्रश्न निघाला. आणि नकाशा धुंडाळतां धुंडाळतां आम्ही सेबा या बेटापाशीं थांबलों. म्हणण्यासारखा वाळूचा किनारा या बेटास मुळींच नाहीं. क्षेत्रफळ अवघें १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास, आणि सारें बेट म्हणजे समुद्रांतून सरळ वर आलेला एक ज्वालामुखी! माउंट सीनरी हें त्याचें शिखर सुमारें ८७० मीटर उंच आहे. २०१० सालीं सेबा नेदरलंड्सची खास नगरपालिका झाली. त्यामुळें त्या सपाट देशांतील सर्वांत उंच स्थळ आज या चिमुकल्या बेटावर आहे.

तेथील लोकांची हकीकत वाचल्यावर आमचा निश्चय पक्का झाला. पूर्वीं बेटावर येणारा माल होडींतून उतरावयाचा, आणि लॅडर म्हणजे ‘शिडी’ या नांवाच्या, खडकांत खोदलेल्या सुमारें ८०० पायऱ्यांवरून माणसांनीं तो डोक्याखांद्यावर वर न्यावयाचा. राजधानीचें नांव ‘बॉटम’, म्हणजे तळ. पण हा तळ समुद्रापासून सुमारें अडीचशें मीटर उंचावर आहे! अशा कड्यावरून रस्ता होणें नाहीं, असा डच इंजिनियरांचा अभिप्राय पडला. तेव्हां जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या तेथल्याच गृहस्थानें टपालानें स्थापत्याचे धडे मागवून अभ्यास केला, आणि १९३८ सालीं गांवकऱ्यांच्या हातांनीं, यंत्रावांचून, काम सुरू केलें. बंदरापासून बॉटमपर्यंतचा भाग १९४३ त झाला, पहिली मोटार १९४७ त आली, आणि सबंध रस्ता पुरा होण्यास १९५८ साल उजाडलें. विमानाचीही तीच कथा. बेटावरील त्यांतल्या त्यांत सपाट जागा लोकांनीं हातांनीं साफ केली, व १९५९ त रेमी द हेनेन यांनीं तेथें पहिलें विमान उतरविलें. आजची धांवपट्टी जेमतेम ४०० मीटर लांब असून दोन्ही टोकांस खालीं समुद्र आहे. हें वाचून घरांतील कांहीं जणांचे चेहरे उतरले, हें सांगणें नलगे.

खरी अडचण मातुःश्रींची होती. त्यांचें वय झालेलें, हृदयाचें दुखणें जुनें. बेटावर लहानसें रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णास दुसऱ्या बेटावर न्यावें लागतें. आणि वारा प्रतिकूल असल्यास विमान उतरत नाहीं. त्यांना घरीं ठेवून जावें, असें आम्ही जवळजवळ ठरविणार होतों. इतक्यांत सेबाच्या जाळीकामाची हकीकत कोणीसें त्यांना वाचून दाखविली. मेरी गर्ट्रूड जॉन्सन ही मुलगी काराकस येथील मठांत शिकावयास गेली होती. १८७० च्या सुमारास ती ही कला घेऊन परतली. पुरुष वर्षानुवर्षें जहाजांवर, घरीं सर्व भार बायकांवर. त्यांनीं कापडाचे धागे काढून विणलेली ही नाजूक जाळी टपालानें अमेरिकेंत विकून संसार चालविले. जन्मभर कशिदा काढलेल्या मातुःश्री म्हणाल्या, “मग मला तेंच पाहावयाचें आहे. डोंगर तुम्ही चढा.” डॉक्टरांनीं अटी घालून होकार दिला, आणि त्या अटींवरच आतां सारा बेत उभा आहे.

जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने टाळणें प्राप्तच होतें. सप्टेंबर १९१७ नव्हे, २०१७ च्या ‘इर्मा’ वादळानें शेजारच्या सेंट मार्टेनची केवढी धूळधाण केली! आपल्या शाळांची सुटी एप्रिल-मेमध्यें पडते, ती त्या आधींची म्हणून सोयीची. अॅमस्टरडॅम किंवा पॅरिस येथें विमान बदलून सेंट मार्टेन गांठावयाचें. प्रवेशाच्या परवानगीची चौकशी डच वकिलातींत आधींच करावयाची. सेंट मार्टेनहून सेबा विमानानें पाव तासाचा पल्ला आहे. बोटही जाते, परंतु समुद्र खवळलेला असतो, म्हणून ती मातुःश्रींकरितां नको. जातांना सेंट मार्टेनला दोन दिवस विश्रांति घ्यावयाची, आणि परततांना तेथें दोन दिवस मोकळे ठेवावयाचे. वाऱ्यानें अडविलें तरी पुढचें मोठें विमान चुकूं नये. या मोकळ्या दिवसांचा खर्च आमच्या बंधूंना फुकट वाटतो, आम्हांस वाटत नाहीं.

बिऱ्हाड विंडवर्डसाइड या गांवीं, पायऱ्या नसलेल्या घरांत पाहत आहों. बाजारांतील बहुतेक माल सेंट मार्टेनहून बोटीनें येतो, म्हणून डाळी व मसाले घरूनच न्यावे, असा स्वयंपाकघराचा निकाल आहे. तेथें घरोघर पावसाचें पाणी टाक्यांत साठवितात. तेव्हां बादलीभर पाण्यांत स्नान उरकण्याची संवय मुलांना आतांपासून लावीत आहों. तक्रारी पुष्कळ आहेत! शिखराकडे जाणाऱ्या १,०६४ पायऱ्या व वरचें धुक्यांतलें रान, तसेंच १९८७ पासून राखलेल्या समुद्रांतील पोंवळीं व मासे, हीं त्यांच्या वांट्याचीं. तेवढा वेळ आम्ही खालीं मातुःश्रींजवळ बसणार. विमान लहान असल्यानें सामान तोलून घ्यावें लागेल; सुई-दोऱ्याची पेटी मात्र त्यांनीं आधींच वेगळी काढून ठेवली आहे.