खाऱ्या पाण्यात फॉस्फरसचा दुष्काळ

अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा पाळणाऱ्याला कुणी विचारलं, की माशांना क्षार-बिर काही देता का, तर तो बहुधा हसेल. खाडीतून आणलेलं पिल्लू, खायला जवळा आणि बारीक मासळी. वर आणखी क्षार कशाला? त्याचं हसणं अगदीच चुकीचं नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या घरात, मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट आणि सोडियम तर दहा ग्रॅमहून जास्त. अशा पाण्यात जन्म काढणाऱ्या माशाला खनिजं कमी पडतात, हे पटायला जड जातं.

पटवून घ्यायचं तर आधी मासा या पाण्याशी कसा झगडतो ते पाहावं लागतं. हाडं असलेल्या बहुतेक सागरी माशांचं रक्त समुद्राच्या मानानं तिपटीनं कमी खारं असतं. त्यामुळे मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, तसं माशाच्या शरीरातलं पाणी कल्ल्यांतून सतत बाहेर ओढलं जातं. ही तूट भरून काढायला मासा चक्क समुद्राचं पाणी पितो. होमर स्मिथ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९३०मध्ये हे दाखवून दिलं. पाण्याबरोबर आत आलेलं मीठ मग जातं कुठं? त्याचा माग पुढच्याच वर्षी ॲन्सेल कीज या तरुण संशोधकानं ईल माशाच्या कल्ल्यांत काढला: कल्ले मीठ परत समुद्रात फेकतात. हाच कीज पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या ‘के रेशन’साठी आणि नंतर भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचे गोडवे गाण्यासाठी प्रसिद्ध झाला. ईलचे कल्ले त्याच्या चरित्रात कोपऱ्यात पडले, याचं मत्स्यशास्त्रज्ञांना थोडं वाईट वाटतं.

मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंडातून जातात. जास्तीच्या कॅल्शियमचे तर आतड्यातच कार्बोनेटचे पांढरे कण बनतात आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडतात. हे प्रमाण क्षुल्लक नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं महासागरांत तयार होणाऱ्या एकूण कार्बोनेटचा ३ ते १५ टक्के वाटा माशांच्या पदरात टाकला. थोडक्यात, कॅल्शियम मिळवण्यापेक्षा ते बाहेर काढणं हेच सागरी माशाचं मोठं काम आहे.

फॉस्फरसची गोष्ट नेमकी उलटी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. किलोभर वजनाच्या माशाच्या अंगात मात्र तो चार-पाच ग्रॅम लागतो. हाडांत, खवल्यांत, प्रत्येक पेशीच्या आवरणात. हिशेब करून पाहा. पाच ग्रॅम फॉस्फरस पाण्यातूनच गोळा करायचा तर माशाला सत्तर हजार लिटर समुद्र प्यावा लागेल, आणि त्यातला कण न् कण अंगी लागला पाहिजे. दिवसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास पिणाऱ्या माशाला त्यासाठी एकोणीसशे वर्षं लागतील! म्हणून फॉस्फरस हा तोंडावाटे, अन्नातूनच यावा लागतो. मोकळ्या समुद्रात अडचण येत नाही, कारण मोठा मासा लहान माशाला काट्यांसकट गिळतो. तारली, जवळा, मांदेली हेच त्याचे खनिजांचे डबे.

माशाला पिंजऱ्यात किंवा तळ्यात आणून पिशवीतलं खाद्य घालायला लागलो, की प्रश्न सुरू होतात. लाल सी-ब्रीम या जपानी लोकांच्या लाडक्या माशावर तिथल्या संशोधकांनी १९७०च्या दशकात चिकाटीनं काम केलं. खाद्यातला फॉस्फरस कमी केला तेव्हा कणा वाकला, मणके फुगून स्पंजासारखे झाले आणि मासा सडपातळ होण्याऐवजी चरबीनं भरला. ऊर्जा वापरण्याच्या साखळीत फॉस्फरस लागतो. तो नसला की खाल्लेलं अन्न चरबी होऊन साठतं. लोह कमी पडलेल्या माशांना रक्तक्षय झाला. त्यातून या माशाला खाद्याच्या किलोमागे सुमारे १५० मिलिग्रॅम लोह हवं, असा आकडा निघाला.

मासळीचं पीठ स्वस्त होतं तोवर ही कमतरता झाकली जात होती, कारण पिठात काटे असत. नंतर पीठ महागलं आणि सोयाबीन आलं. नॉर्वेत १९९०मध्ये सामनच्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के घटक समुद्रातले होते. २०१३पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. सोयाबीनच्या पेंडीतही फॉस्फरस असतो, पण त्यातला जवळपास दोन तृतीयांश फायटिक आम्लात अडकलेला. ते फोडायला लागणारं फायटेज विकर माशाच्या पोटात पुरेसं नसतं. प्रयोगशाळेच्या अहवालात तो फॉस्फरस दिसतो, माशाला मात्र मिळत नाही. वर हेच आम्ल झिंकही धरून ठेवतं.

झिंक कमी पडलं की माशाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो, हे ट्राउट माशांत आधीच दिसलं होतं. तिथं दोष हाडांनी भरलेल्या मासळीच्या पिठाचा होता; जादा कॅल्शियम-फॉस्फरसनं झिंकची वाट अडवली होती. त्यामुळे १९९०च्या दशकात नॉर्वेच्या पिंजऱ्यांतल्या सामनना मोतीबिंदूची साथ आली, तेव्हा खनिजांवर संशय जाणं साहजिक होतं. मुख्य कारण निघालं भलतंच. वेड्या गाईच्या रोगाच्या धास्तीनं खाद्यातून रक्ताचं पीठ काढून टाकलं होतं आणि त्याबरोबर हिस्टिडिन हे अमिनो आम्लही गेलं होतं. मासे पाळणाऱ्यानं ही कथा लक्षात ठेवावी. लक्षण दिसलं म्हणून हाताला लागेल ते खनिज ओतायचं नसतं, आणि ‘जरा जास्त घातलं तर काय बिघडतं’ हे तर झिंकच्या बाबतीत सरळ महागात पडतं.

आयोडीनच्या बाबतीतही अशीच फसगत होते. मोठ्या मत्स्यालयांत ठेवलेल्या शार्कना गलगंड होतो. पाण्यात साठत जाणारं नायट्रेट आयोडीन शोषण्यात आडवं येतं, म्हणून त्यांना खाऊच्या माशात आयोडीन घालून द्यावं लागतं.

पाणी खारं म्हणजे समुद्राचं, हेही खरं नाही. हरियाणात रोहतकच्या बाजूला भूजल खारं होऊन जमिनी पडीक पडल्या. मुंबईत वर्सोव्याला मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्रानं त्या पाण्यावर काम केलं. पाणी खारं, पण पोटॅशियम फारच कमी. अशा पाण्यात कोळंबी टिकत नव्हती. शेतात घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश तळ्यात घातल्यावर व्हॅनामेई कोळंबीची शेती तिथं उभी राहिली. मला या क्षेत्रातलं हे सगळ्यात आवडणारं काम वाटतं: यंत्र नाही, खताच्या गोणीवर भागलं.

आपल्या किनाऱ्यावरही हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं तमिळनाडूत मंडपमला २०१०मध्ये कोबियाचं आणि २०११मध्ये चंदेरी पॉम्पॅनोचं बीज तयार केलं. जिताड्याचं बीजही आता खाडीच्या भरतीवर अवलंबून राहिलेलं नाही. बीज आलं, पिंजरे आले, की पाठोपाठ खाद्याची पिशवी येतेच. जिताड्यापुरतं बोलायचं तर त्याच्या पोटात आम्ल असतं, त्यामुळे काट्यातला फॉस्फरस तो बऱ्यापैकी विरघळवतो. रोहू-कटल्यांना जठरच नसल्यानं ते जमत नाही. थायलंडमधल्या प्रयोगांनुसार जिताड्याच्या खाद्यात साधारण ०.५५ ते ०.६५ टक्के फॉस्फरस पुरतो. अट एकच, तो पचणारा हवा. सोयाबीनवर भर असलेल्या खाद्यात त्यासाठी मोनोकॅल्शियम फॉस्फेट किंवा फायटेज घालावं लागतं, आणि दोन्हींना पैसे पडतात.

म्हणून खारेपाटातल्या, सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या मत्स्यपालकांना एवढंच सांगणं आहे: पिशवीवरची प्रथिनांची टक्केवारी सगळेच वाचतात, पण विक्रेत्याला एक प्रश्न आणखी विचारा. यात एकूण फॉस्फरस किती, हा नव्हे. माशाला पचेल असा किती, हा. उत्तर आलं नाही तर पिशवी दुकानातच राहू द्या.