लॉक ते लॉगिन

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या टिळक चौकात, डोंबिवलीच्या फडके रोडच्या आसपास डीटीपीची छोटी छोटी दुकानं होती. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका तिथेच तयार व्हायच्या. पानं लागायची पेजमेकरमध्ये आणि मराठी अक्षरं यायची पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'तून. त्या श्रीलिपीबरोबर एक लॉक, म्हणजे परवान्याची खूण असलेला छोटा जोड, मिळायचं. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय काम सुरू होत नसे.

दुकानात संगणक दोन-तीन आणि लॉक एकच, ही नेहमीची स्थिती. "लॉक मोकळं झालं का?" हा प्रश्न दिवसभर ऐकू यायचा. एकाचं मराठी टायपिंग चाललेलं असताना दुसरा इंग्रजी पत्रकं उरकून घ्यायचा. रात्री मालक लॉक काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे, कारण ते हरवलं तर धंदाच थांबणार. पण एकदा पैसे मोजले की वस्तू आपली झाली, हे समाधान मोठं होतं. ऑपरेटर आले-गेले, लॉक दुकानातच राहिलं. आपली पाळी येईपर्यंत नवी मुलं शेजारी बसून जोडाक्षरांच्या कळा शिकायची. त्या शेजाराची मला आजही ओढ वाटते.

आज सॉफ्टवेअरचा परवाना बऱ्याचदा यंत्राऐवजी माणसाच्या नावावर असतो. अडोबीने 2013पासून आपल्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. एका व्यक्तीच्या खात्यातून दोन संगणकांवर साइन-इन करता येतं, पण काम एका वेळी एकावरच करायचं. मायक्रोसॉफ्ट 365च्या ज्या बिझनेस योजनांत संगणकावर ऑफिस बसवता येतं, त्यांत एका व्यक्तीला पाच संगणक, पाच टॅब्लेट आणि पाच फोन चालतात. डोंबिवलीकराला हे लोकलच्या पासावरून चटकन कळेल. पास आपल्या नावाचा, गाडी कुठलीही पकडा. पण त्याच पासावर भावाला पाठवता येत नाही. हिशेब ठेवणाऱ्या टॅली सॉफ्टवेअरची रीत निराळी आहे. तिथे 'सिल्व्हर' एका संगणकासाठी आणि 'गोल्ड' ऑफिसच्या नेटवर्कवरच्या अनेक संगणकांसाठी.

या बदलाने सोय झाली, हे मी मनापासून मान्य करतो. पूर्वी एका दुरुस्तीसाठी शेवटच्या लोकलपर्यंत दुकानात थांबणारी ऑपरेटर मुलगी आता तेच काम कल्याणच्या घरून करते. मात्र मालकीचं समाधान गेलं. वर्गणी थकली की सॉफ्टवेअर बंद, आणि छोट्या दुकानाला हा दरमहाचा भार जाणवतो. म्हणूनच एकच खातं चौघांत वापरण्याचा मोह होतो. एक लॉक आळीपाळीने वापरणं नियमात बसत होतं. एकाच्या नावाचा पासवर्ड चौघांनी वापरणं बसत नाही. आणि सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत वापरणं तर गुन्हाच: कॉपीराइट कायद्याच्या 63ब कलमानुसार ती जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

छोट्या व्यावसायिकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी माणसं मोजा, मग परवाने घ्या. कामगार सोडून गेला की त्याचा परवाना काढून नव्या माणसाच्या नावावर करा. लिब्रेऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर ज्या कामाला पुरतं, तिथे तेच वापरा. आणि नव्या मुलांना थोडा वेळ शेजारी बसवून शिकवा. त्यासाठी कुठलाही परवाना लागत नाही.