गुलमर्गचा बर्फ, माहूरच्या गारा

जानेवारी २०२४. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर, तिथून जम्मू, श्रीनगर असं करत आम्ही चौघं माहूरकर गुलमर्गला पोचलो आणि समोर दिसलं वाळलेलं गवत. आमच्या रेणुकेच्या डोंगरावर होळीच्या सुमाराला असतं तसंच, तांबूस-पिवळं. खाली तंगमर्गला भाड्याचे गमबूट जोडीजोडीने खिळ्यांना टांगलेले होते. दुकानदार आम्हाला ‘घ्या’सुद्धा म्हणाला नाही.

चिल्लई कलान चालू होता. एकवीस डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो, उन्हाळ्यात हळूहळू वितळतो आणि खालच्या झऱ्यांना, भाताला, सफरचंदांच्या बागांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला लवकर वाहून जातो. हे मला सांगितलं एका स्लेज ओढणाऱ्या माणसाने. लाकडी स्लेज उलटी करून तो तिच्यावरच बसला होता. दोर ओढून ओढून तळहातांना पडलेले घट्टे तो अंगठ्याने चोळत होता.

‘आपके यहाँ बर्फ गिरती है, जनाब?’ त्याने विचारलं.

एकदा गिरी थी, म्हणालो. आणि २०१४ चा मार्च सांगितला.

पैनगंगेच्या अंगाला माझा हरभरा घाट्यांनी लगडलेला होता. दुपारी आभाळ काळंनिळं झालं, पत्र्यांवर दगड पडावेत तसा आवाज सुरू झाला. पंधरा-वीस मिनिटांत रान पांढरं. बांधाच्या कडेला गारांचा घोटाभर थर साचला होता. पोरं वाट्या भरभरून गारा खात होती. मी शेतात शिरलो तर पायाखाली घाटे फुटत होते आणि चेचलेल्या हरभऱ्याचा आंबट-हिरवा वास सुटला होता. तो वास अजून नाकातून जात नाही. त्या वर्षी मराठवाडा-विदर्भात कितीतरी जणांच्या हातातोंडाशी आलेली रब्बी अशीच गेली.

हे ऐकून स्लेजवाला म्हणाला, हवा वही है. खरंच आहे ते. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणारे पश्चिमी झंझावात हिमालयाला धडकले की काश्मीरला बर्फ मिळतो. त्यांची गार हवा फार खाली दक्षिणेत उतरली आणि तिला समुद्राकडची ओल भेटली, की आमच्याकडे गारा पडतात. त्या जानेवारीत हे झंझावात फिरकलेच नाहीत म्हणावं इतके दुबळे होते. तिथले हिवाळी खेळही पुढे ढकलावे लागले.

स्लेजवाल्याच्या घरात सहा माणसं, कमाई या दोन-अडीच महिन्यांची. २०२० ला कोरोनात देवळं बंद होती, नवरात्रात रेणुकेचा गड सुना होता, तेव्हा आमच्याकडच्या देवीचा तांबूल कुटणाऱ्यांच्या, फुलवाल्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मी त्याच्या तोंडावर ओळखलं. स्लेजवर बसलो नाही तरी पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. चहा मात्र त्यानेच पाजला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा व्हिडिओ आला. गुडघाभर बर्फ, स्लेजवर कुणाचं तरी लेकरू, मागून त्याचं हसणं. मी आईला दाखवला. तिने गडाकडे बघून हात जोडले.

आमचा हरभरा तेव्हा काढून त्याची सुडी घातलेली होती. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आभाळ भरून आलं. धाकट्या भावाला हाक मारली, दोघांनी ताडपत्री ओढली, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले आणि सुडीपाशीच अंथरूण टाकलं.