पक्षी दाखवा, आणि मुलाला तो दिसतोय का तेही बघा

मोबाईल दिल्याशिवाय मूल जेवत नाही, ही तक्रार आता दवाखान्यात सर्दी-खोकल्याइतकीच ऐकू येते. नुसता मोबाईल काढून घेऊ नका, बदल्यात काहीतरी द्या, असं मी सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: काय देऊ? मी म्हणतो, पक्षी दाखवा. (पिंजऱ्यातला पोपट नव्हे. आपल्याकडचे पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे.)

एरंडोलात यासाठी लांब जावं लागत नाही. तारेवर बसलेला वेडा राघू बघा. हिरवा, चिमणीएवढा. झेप घेतो, हवेतच माशी पकडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. चार वर्षांच्या मुलाला हे दोनदा दाखवलं की तिसऱ्या वेळी ते स्वतःच ओरडतं, "आता परत येईल!" पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. आसोद्याच्या बहिणाबाईंमुळे सुगरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पण खोपा विणतो तो नर, आणि मादी तो पाहून पसंत करते, हे मुलांना सांगा. आमच्या घरात यावरून बराच हशा झाला होता. हिवाळ्यात पद्मालयाच्या कमळतळ्यावर किंवा अंजनीच्या धरणाकडे गेलात तर सकाळ कशी गेली ते कळत नाही.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. मूल वाढतं तसा त्याचा डोळाही लांबीने वाढतो. ही लांबी गरजेपेक्षा जास्त झाली की प्रतिमा डोळ्यातल्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचं धूसर दिसतं. हाच मायनस नंबर. लख्ख उजेडात पडद्यातून डोपामाइन जास्त स्रवतं आणि ते या वाढीला आवर घालतं, असं मानलं जातं. घरात ट्यूबलाइटखाली तीन-चारशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत जातो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून पाहिलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर मुलांमध्ये सुमारे ४० टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. फरक चमत्काराचा नाही, पण फुकटात मिळणारा आहे. सूर्याकडे मात्र बघायचं नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही.

पक्ष्यांचा आणखी एक उपयोग आमच्या घरातच कळला. पुतण्याची दोन मुलं, एक पाच वर्षांचा, एक आठ. गेल्या हिवाळ्यात त्यांना धरणाकडे नेलं. काठावर टिटवी पळत होती. धाकट्याने लगेच बोट दाखवलं. मोठा आपला "कुठे? कुठे?" करत राहिला. आजी म्हणाली, "ध्यान नही त्यानं." आधी मलाही तो कंटाळलाय असंच वाटलं. पण मग खंड्या, मग तारेवरचा कोतवाल, प्रत्येक वेळी तेच. तो डोळे बारीक करून बघत होता. मी धाकट्याला गप्प बसवलं आणि मोठ्याला एकेक डोळा झाकून तारेवर किती पक्षी बसलेत ते मोजायला सांगितलं. उजव्या डोळ्याने त्याला तारच दिसेना. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना मायनस नंबर निघाला, उजव्याला जास्त. वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मूल "मला दिसत नाही" असं क्वचितच सांगतं. सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. म्हणून भावंडाला दिसलेला पक्षी त्याला पुन्हा पुन्हा दिसत नसेल, ते डोळे बारीक करत असेल, मान वाकडी करून बघत असेल, टीव्हीच्या अगदी जवळ जात असेल, तर रागावू नका, तपासून घ्या. एका डोळ्याने नीट दिसत नसेल तर तो डोळा आळशी होतो, आणि त्यावरचे उपचार जितके लहानपणी तितके चांगले. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तिथेही विचारा. तसंच एका मुलाला कोकिळा ऐकू येते आणि दुसऱ्याला कधीच येत नाही, असं असेल तर कानही दाखवा.

बाहेर नेताना थोडी काळजी घ्या. आपल्या खानदेशातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मार्चनंतर सकाळी आठच्या आत घरी. पायात बंद बूट, गवतात हात घालायचा नाही. पाण्याच्या काठावर लहान मूल हाताच्या अंतरावरच हवं आणि तेव्हा तुमचा मोबाईल खिशात. मेलेल्या पक्ष्याला हात लावू देऊ नका. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आला होता, हे आपण विसरलेलो नाही. घरी आल्यावर साबणाने हात धुवा. पाच वर्षांच्या मुलाला महागडी दुर्बीण घेऊ नका, त्याला ती धरताच येत नाही.

आणि चष्मा लागलेल्या मुलाला घरात बसवू नका. बाहेर फिरल्याने लागलेला नंबर जात नाही, चष्मा वापरावाच लागतो आणि निदान वर्षातून एकदा नंबर तपासावा लागतो. पण चष्मा लावून टिटवी बघायला काहीच हरकत नाही.