रेकॉर्डी खराब नव्हत्या

नऊ वर्षांचा असताना मी अब्बांच्या रेकॉर्डी खराब केल्या, असं मी जवळजवळ तीस वर्षं धरून चाललो होतो. घरातले सगळेच तसं धरून चालले होते. कोणी बोलून दाखवत नव्हतं, इतकंच.

अब्बा पुसदला एका जिनिंगमध्ये कारकून होते. माझ्या जन्माआधी कधीतरी त्यांनी नागपूरहून एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला होता. सुटकेससारखा, झाकण बंद केलं की हातात धरून नेता येणारा. आत व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. चाळीसेक रेकॉर्डी होत्या. शकीला बानो भोपाली, युसूफ आझाद, शंकर-शंभू यांच्या कव्वाल्या आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांच्या जुन्या ७८ च्या तीन-चार जड रेकॉर्डी. खाँ साहेब १९३७ साली वारले, त्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, हे अब्बा दर वेळी सांगायचे. जणू मिरज म्हणजे शेजारचं उमरखेड.

दादीला हा प्रकार पसंत नव्हता. ती कधी भांडली नाही, पण प्लेअर सुरू झाला की तसबीह घेऊन मागच्या खोलीत जायची. म्हणून अब्बा जुमेरातच्या रात्री, इशानंतर, अगदी हळू आवाजात लावायचे. रमजानात आणि मोहरमच्या दहा दिवसांत पेटी बंद.

त्या मे महिन्यात उमरखेडहून मामाची मुलं आली होती. त्यांना प्लेअर दाखवायचा म्हणून, आणि दादीला ऐकू जाऊ नये म्हणून, मी पेटी उचलून वरच्या पत्र्याच्या खोलीत नेली. दुपारभर ऐकलं. मग आम्ही पूस नदीवर गेलो आणि पेटी वरच राहिली. दोन दिवस. पुसदचा मे ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आणि पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त.

पुढच्या जुमेरातला अब्बांनी रेकॉर्ड लावली तर आवाज डास गुणगुणल्यासारखा. पुढे तोही गेला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सुई बदलली, फरक पडला नाही. मग तो म्हणाला, "रेकॉर्डां घिस गये, भाई. बच्चों ने चलाये ना?" अब्बांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तोवर कॅसेटी आल्या होत्या. काही महिन्यांनी रेकॉर्डी भंगारवाल्याकडे गेल्या. प्लेअरला गिऱ्हाईक मिळालं नाही, तो माळ्यावर गेला.

अब्बा गेल्यानंतर त्यांची ट्रंक आवरताना शेरवानीखाली एक रेकॉर्ड सापडली. शंकर-शंभूंची. भंगारात द्यायची राहिली, की मुद्दाम ठेवली, ते आता कोण सांगणार? माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीला असतो, त्याला या जुन्या वस्तूंचा नाद आहे. त्याच्याकडे घेऊन गेलो. म्हटलं, घासलेली आहे, पण जरा लावून बघ. त्याने लावली. हार्मोनियम, टाळ्या, दोघा भावांचे आवाज, सगळं स्वच्छ. थोडी खरखर, तीही धुळीची.

तो म्हणाला, "सर, रेकॉर्ड एकदम चांगली आहे. तुमच्या प्लेअरचं कार्ट्रिज कोणतं होतं?"

मला कार्ट्रिज हा शब्द प्रिंटरपुरता माहीत होता. पुसदला आल्यावर माळ्यावरून पेटी काढली. दांडीच्या टोकाला अंगठ्याएवढा प्लास्टिकचा ठोकळा असतो, त्याच्याखाली सुई. तो ठोकळा म्हणजे कार्ट्रिज. स्क्रू काढून उघडला, तर आत रबराच्या दोन तुकड्यांमध्ये एक पातळ पट्टी होती. म्हणजे असायला हवी होती. खडूसारखी पांढरी होऊन तिचा चुरा झाला होता.

ते मीठ होतं. खरोखरचं मीठ, फक्त आपल्या स्वयंपाकघरातलं नव्हे. त्याला रोशेल सॉल्ट म्हणतात. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेनेत नावाच्या अत्ताराने ते तयार केलं, जुलाबाचं औषध म्हणून. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. त्यांत हे मीठही होतं, आणि त्याचा गुण फार जोरकस निघाला. मग १९३० च्या दशकात त्याच्या पातळ पट्ट्या कापून कार्ट्रिजमध्ये बसवू लागले. रेकॉर्डवरच्या नागमोडी खाचेतून सुई हलते, पट्टी पिळली जाते, वीज निघते, ती वीज स्पीकरकडे जाते.

युक्ती स्वस्त होती आणि हुशार होती. आज चांगल्या प्लेअरमध्ये चुंबकाचं कार्ट्रिज असतं. सुईबरोबर एक इवलासा चुंबक हलतो आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते. पण ती जेमतेम काही मिलिव्होल्ट. तिला मोठं करायला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटा शेजारच्या खाचेत घुसतील. वाजवताना ते पुन्हा उलटं करावं लागतं. मिठाचा स्फटिक एक व्होल्टच्या आसपास वीज देतो, म्हणजे चुंबकाच्या शेकडो पट. आणि तो सुई किती वेगाने हलली यापेक्षा किती सरकली हे मोजतो, त्यामुळे तो उलटा हिशेब बराचसा आपोआप होतो. म्हणून एखाद-दोन व्हॉल्व्हमध्ये काम भागायचं आणि जिनिंगच्या कारकुनालाही जुना का होईना, प्लेअर परवडायचा.

त्याची खोड एकच. हे मीठ ५५ अंशांच्या आसपास स्वतःतल्याच पाण्यात विरघळू लागतं. हवा दमट झाली तर पाणी ओढून घेतं, फार कोरडी झाली तर स्वतःतलं पाणी सोडून भुगा होतं. कारखान्यात त्यावर मेणाचा थर देत, पण मेण तरी किती पुरणार? आपल्याकडे मे कोरडा आणि जुलै ओला. विदर्भातल्या घरात हा स्फटिक इतकी वर्षं टिकला, याचंच नवल. पुढे बेरियम टायटनेटसारख्या सिरॅमिकच्या पट्ट्या आल्या, त्यांना ऊन-पाऊस फारसा बाधत नाही. अब्बांचा प्लेअर त्याच्या आधीचा होता.

तेव्हापासून मला या कार्ट्रिजचं वेडच लागलं. एका खाचेतला आवाज बाहेर काढायला माणसांनी काय काय करून पाहिलं! अमेरिकेत फिल्को कंपनीने १९४१ च्या सुमारास सुईला इवलासा आरसा जोडला. सुई हलली की आरशावरून उडालेला प्रकाश सेलेनियमच्या तुकड्यावर नाचायचा आणि त्याची वीज व्हायची. १९५० च्या दशकात पॉल वेदर्स यांनी रेडिओचीच रीत वापरली. सुईच्या हालचालीने एका छोट्या सर्किटची फ्रिक्वेन्सी बदलायची, जशी एफएममध्ये बदलते. त्या काळी इतर सुया पाच-दहा ग्रॅम वजनाने रेकॉर्ड दाबत, वेदर्स यांची एका ग्रॅमवर चालायची. इंग्लंडच्या डेक्का कंपनीने सुईची आडवी दांडीच काढून टाकली. खाचेतला हेलकावा लांबच्या दांडीवरून कशाला आणायचा, जिथे उमटतो तिथेच वीज करा, हा विचार. आवाज फार जिवंत, पण कार्ट्रिज लहरी, असं ते वापरणारे सांगतात. स्ट्रेन गेज नावाच्या प्रकारात सुई एका अर्धवाहकाला ताण देते आणि त्याचा रोध बदलतो. जपानची डीएस ऑडिओ कंपनी आज पुन्हा प्रकाशाचं कार्ट्रिज बनवते, एलईडी लावून. किंमत लाखांत. गंमत म्हणजे ताणाचं काय आणि प्रकाशाचं काय, ही महागडी कार्ट्रिजंसुद्धा सुई किती सरकली हेच मोजतात. अब्बांच्या मिठासारखंच.

जपानमध्ये तर सुईच नसलेला, लेझरने वाचणारा प्लेअरही झाला. तो रेकॉर्ड अजिबात झिजवत नाही. पण सुई धूळ बाजूला सारत जाते, लेझर धुळीलाही संगीत समजून वाचतो. आणि त्याला काळीच रेकॉर्ड चालते, रंगीत पारदर्शक चालत नाही. प्रत्येक कानाला काहीतरी ऐकू येत नाही, हे मला यातून कळलं.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "करून बघू की." बेकरीवाले वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर नागपूरहून मागवलं. चिंचेला आंबट करणारं जे टार्टरिक आम्ल, त्याच्याच घराण्यातलं ते. गरम पाण्यात त्याच्यासोबत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत गेलो, फसफसून झाल्यावर गाळून थंड जागी ठेवलं. जानेवारीची थंडी होती. काही दिवसांत काचेसारखे स्फटिक धरले. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी एका स्फटिकाच्या दोन बाजूंना चांदीचा कागद लावून, तारा जोडून, स्टाफरूममधल्या जुन्या अॅम्प्लिफायरच्या माइकच्या जागी खुपसल्या. आठवीतल्या मुलीने पेन्सिलीने स्फटिकावर टिचकी मारली आणि स्पीकरमधून "टक" आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो.

उरलेले स्फटिक बशीत खिडकीत राहिले. एप्रिलच्या शेवटी पाहिलं तर सगळे पांढरे, खडूसारखे. बोटाने दाबले की चुरा.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दरवर्षी निकालपत्रकावर काही मुलांच्या नावापुढे "मराठी कच्चे" असा शेरा लिहीत आलो. अशाच शेऱ्याची एक मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. एकदा एसटी स्टँडवर ती तिच्या आजीच्या वतीने संत्रेवाल्या बाईशी भाव करताना दिसली. अस्सल वऱ्हाडीत, न अडखळता. वर्षभर मी फक्त पुस्तकातली मराठी ऐकायला बसलो होतो. ती ज्या मराठीत बोलत होती, तिच्यासाठी माझ्याकडे सुई नव्हती. तो शेरा मी नंतर बदलला, पण आधीच्या वर्षांच्या मुलांचं काय?

रेडिओवाल्यावर माझा राग नाही. आवाज आला नाही की आपण आधी बोलणाऱ्याला दोष देतो, ऐकणारं यंत्र तपासत नाही. पेटी पत्र्याखाली मीच ठेवली होती, तेवढा दोष माझा आहेच. पण रेकॉर्डी मी घासल्या नव्हत्या. त्या भंगारात गेल्या तेव्हा चाळीसच्या चाळीस बोलू शकत होत्या.

तुमच्या घरी माळ्यावर असा मुका प्लेअर असेल तर रेकॉर्डी देऊन टाकू नका. प्लेअर सुरू करून आवाजाचं बटण थोडं वाढवा आणि सुईच्या टोकाला बोट अगदी हलकं लावा. स्पीकरमधून खरखर आली तर कार्ट्रिज जिवंत आहे. नाही आली तर आधी तारा तपासा, मग कार्ट्रिज बदला. सिरॅमिकचं आजही काही शे रुपयांत मिळतं.

मी तेच बसवलं. एका जुमेरातला, इशानंतर, अम्मीला बोलावून शंकर-शंभूंची रेकॉर्ड लावली, हळू आवाजात. दादी नाही आता, तरी हळूच. अम्मीने पूर्ण बाजू ऐकली. मी तिला मीठ, ऊन, क्युरी, सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "मतलब तूने नहीं बिगाडे थे." मग थोड्या वेळाने, "उनको बताना था."