भिंतीवरचा कागद

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. अंधेरीच्या एका वस्तीत आमची पत्र्याची खोली होती. अब्बा शिंपीकाम करीत. एके सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला, "गाडी आली! गाडी आली!" झोपड्या पाडणारी माणसे आली होती. अम्मीने भांडी गोळा केली. मी दप्तर छातीशी धरले. अब्बांनी मात्र सर्वांत आधी शिलाई मशीन उचलली.

अम्मी रागावून म्हणाली, "अहो, आधी पिठाचा डबा तरी घ्या!"

अब्बा म्हणाले, "मशीन राहिली, तर डबा पुन्हा भरेल."

संध्याकाळी कळले की, काही दिवसांपूर्वी नळाजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. ती नोटीस होती. ती मराठीत होती. आमच्या गल्लीत कोणालाच ती वाचता आली नव्हती.

पुढे मी बी.एड. झाले आणि शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागले. तेव्हा एका खटल्याविषयी वाचले. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. त्याविरुद्ध काही पदपथवासी आणि पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेले. पश्चिम द्रुतगती महामार्गाजवळच्या कामराज नगरातील रहिवासीही गेले.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. आपली राज्यघटना तेव्हा अवघी ३५ वर्षांची होती. तिच्या २१ व्या कलमात जीविताच्या रक्षणाची हमी आहे, पण 'उपजीविका' हा शब्द नाही. न्यायालयाने सांगितले की, माणसाचे पोट भरण्याचे साधन काढून घेणे म्हणजे त्याचे जगणेच काढून घेणे होय. म्हणून उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. हे वाचताना मला अब्बांची मशीन आठवली.

मी हा खटला वर्गात सांगितला. एका मुलीने विचारले, "टीचर, मग ते लोक जिंकले का?"

मी खरे ते सांगितले. पदपथावर घर बांधण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. महापालिकेचा कायदाही त्याने वैध ठरवला. मात्र हटवण्यापूर्वी साधारणपणे नोटीस द्यावी, लोकांचे म्हणणे ऐकावे, असे बजावले. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितले, आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडेपर्यंत कोणालाही हलवू नये, असा आदेश दिला.

"पण टीचर, नोटीस वाचताच आली नाही तर?" तिने पुन्हा विचारले.

मी क्षणभर गप्प झाले. मग फळ्यावर २१ च्या शेजारी '२१क' असे लिहिले. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. २०१० पासून तो अमलात आहे. पहिला हक्क वापरायचा, तर हा दुसरा हवाच.

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला. "आपल्या घराला नोटीस आली आहे, असे समजून मराठीत अर्ज लिहून आणा," असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची वही तपासली. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. पण तारीख, पत्ता आणि मागणी, तिन्ही अगदी बरोबर होती.