घरचीच होती ती



संत पौलाने फिलेमोनला लिहिलेले पत्र अवघ्या पंचवीस वचनांचे आहे. गेल्या रविवारी धर्मशिक्षण वर्गात ते वाचले, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, अनेसिम पळाला कशाला? मालक तर ख्रिस्तीच होता ना?" आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही.

प्रजासत्ताक दिन जवळ आला होता, म्हणून राज्यघटनेकडे वळलो. अमेरिकेत ६ डिसेंबर १८६५ रोजी तेराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली आणि गुलामगिरी संपली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना सोडवणाऱ्या त्या अमेरिकनांनाच अर्पण केले. आपल्या निपाणीत १९२५ साली बहिष्कृतांची परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. पुढे घटनेचा मसुदा त्यांच्याच अध्यक्षतेखाली तयार झाला. त्यातल्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली. तरी वेठबिगारीचा स्वतंत्र कायदा यायला १९७६ उजाडले. त्या कायद्याने माणूस तर सोडवलाच, शिवाय त्याच्या डोक्यावरचे कर्जही रद्द केले. हे महत्त्वाचे, कारण आपल्याकडे साखळदंड नसतात, उचल असते.

मुलांना हे सांगता सांगता आम्ही अडखळलो.

आमच्या लहानपणी घरी एक मुलगी राहायची. थोरल्या लेकीच्या लग्नासाठी तिच्या बापाने आमच्या वडिलांकडून पैसे घेतले होते. ती धुणीभांडी करायची, पाणी भरायची, संध्याकाळी रोझरीला दाराशी बसायची. बाप्तिस्मा तिचाही झाला होता. "घरचीच आहे," असे सगळे म्हणत. शाळेत मात्र आम्ही भावंडेच जायचो. वडिलांच्या वहीत तिच्या बापाच्या नावापुढचा आकडा कधी उतरला नाही. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. वडील दुष्ट नव्हते हो. पाळकांना जेवायला बोलवणारे, मिस्सा न चुकवणारे. फिलेमोनच्या घरीही मंडळी जमत होतीच.

पौलाने अनेसिमचे देणे स्वतःवर घेतले, तेही स्वहस्ते लिहून. आमच्या घरात तसे कोणी लिहिले नाही.

वही अजून कपाटात आहे. ती बाई आता निपाणीकडे बिड्या वळते, असे कळले. पुढच्या रविवारी मिस्सा झाली की तिकडे जाणार आहोत. काय बोलायचे ते ठरलेले नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.